पदवीच्या पहिल्या वर्षाला जाताना: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांसाठी प्रवेश, क्रेडिट आणि ग्रेडचा हिशेब

२०२४ च्या जूनमध्ये एफवायबीएच्या प्रवेशासाठी मी ऐरोलीहून ठाण्याला सहा फेऱ्या मारल्या. त्यातल्या चार वाया गेल्या. एकदा शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स कमी पडली, एकदा विद्यापीठाच्या नोंदणीची प्रिंट सोबत नव्हती, एकदा पोचले तोवर काउंटर बंद झाला होता आणि एकदा दीड तास भलत्याच रांगेत उभी राहिले. आमच्या घरात पदवीला जाणारी मी पहिली, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. त्यातच त्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. क्रेडिटचं गणित वरच्या वर्गातल्या ताई-दादांनाही सांगता येत नव्हतं, कारण त्यांचा अभ्यासक्रम जुनाच होता.

आता मी टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिना आला की आमच्या सेक्टरमधली बारावीची मुलं आईवडिलांना घेऊन घरी येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘कट-ऑफ किती लागेल?’ हाच असतो. मी त्यांना आधी त्या कॉलेजचा क्रेडिटचा तक्ता, म्हणजे कोणत्या विषयाला किती वजन ते दाखवणारं पान, बघायला सांगते. पुढची तीन वर्षं काय शिकायचं, कशात मार्क सुटायचे आणि कुठे अडकायला होणार, हे सगळं त्या एका पानावर असतं. प्रवेशाच्या गडबडीत नेमकं तेच पान कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

१. कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे ते आधी विचारा

आपल्याकडची बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, पण त्यातली काही स्वायत्त आहेत. ठाण्यात चेंदणी बंदर रोडवरची जोशी-बेडेकर आणि बांदोडकर, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, नवीन पनवेलचं चांगू काना ठाकूर ही स्वायत्त कॉलेजं. स्वायत्त कॉलेजातून शिकलात तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते. मात्र अभ्यासक्रम, परीक्षेचं वेळापत्रक, पेपरची पद्धत कॉलेज ठरवतं. स्वायत्त कॉलेजांत नवं धोरण एक वर्ष आधी, म्हणजे २०२३-२४ पासून आलं. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितलेला नियम तुमच्या कॉलेजला लागू असेलच असं धरून चालू नका. या लेखातलेही आकडे तुमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाच्या नावाची. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा सुरू झाली. सीईटीचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतात. निकाल लागल्यावर ‘बीएमएस करायचंय’ म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हात हलवत परत यावं लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बऱ्याच कॉलेजांनी यानंतर तशाच धाटणीचे अभ्यासक्रम बीकॉमच्या नावाखाली, उदाहरणार्थ बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज, सुरू केले. त्यांना सीईटी लागत नाही. तुमच्या पदवीवर नेमकं कोणतं नाव छापून येणार, हे फॉर्म भरण्याआधी विचारा. एमबीए, नोकरी, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे तेच नाव लिहावं लागणार आहे.

२. कागदपत्रं मे महिन्यातच हाताशी ठेवा

निकालानंतर सेतू केंद्रावर आणि तहसील कार्यालयात गर्दी उसळते. त्याआधी ही फाइल तयार करा:

– दहावीची मार्कशीट आणि प्रमाणपत्र
– बारावीची मार्कशीट (सुरुवातीला ऑनलाइन प्रिंट चालते, मूळ प्रत नंतर दाखवावी लागते)
– शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. मूळ एलसी कॉलेजात जमा होतो, तो परत मिळत नाही असं समजूनच पाच-सहा झेरॉक्स आधी काढून ठेवा
– आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
– राखीव जागेसाठी जातीचा दाखला. ओबीसी, व्हीजेएनटी वगैरे असाल तर नॉन-क्रीमी लेयर. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्रही
– शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र
– सीबीएसई, आयसीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र
– मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
– फोटो आणि सही, दोन्ही स्कॅन करून मोबाइलमध्ये

नॉन-क्रीमी लेयरवर मुदत लिहिलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते. अकरावीच्या वेळी काढलेलं प्रमाणपत्र तसंच घेऊन येणारी मुलं दरवर्षी काउंटरवर अडतात. घरात असेल तर आजच काढून तारीख बघा.

नवी मुंबईकरांसाठी एक खास सूचना. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. बोलताना आपण सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतो, पण दाखल्यांना ते चालत नाही. माझी खारघरची मैत्रीण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाण्यात कोर्ट नाक्यापर्यंत येऊन परत गेली, तिचं काम पनवेल तहसीलमध्येच होणार होतं. ‘आपले सरकार’वर अर्ज करतानाही जिल्हा आणि तालुका विचार करून निवडा. चुकला तर अर्ज फेटाळला जातो आणि नव्याने भरावा लागतो.

३. विद्यापीठाची नोंदणी वेगळी, कॉलेजचा फॉर्म वेगळा

माझी एक फेरी यातच गेली. बारावीच्या निकालाबरोबर मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी सुरू होते. ती केल्याशिवाय संलग्न कॉलेजात प्रवेश मिळत नाही. पण नुसती नोंदणी केली म्हणजे कुठल्या कॉलेजात अर्ज पोचला असं होत नाही. नोंदणीची प्रिंट आणि नंबर घेऊन प्रत्येक कॉलेजचा फॉर्म त्यांच्या पद्धतीने स्वतंत्र भरायचा. पाच कॉलेजं हवी असतील तर पाच फॉर्म.

नाव मार्कशीटवर आहे तसंच भरा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव येतं, आधारवर आधी स्वतःचं नाव. नोंदणीत मार्कशीटचा क्रम धरा. आधारवर वडिलांचं नाव अर्धवट असेल किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर ते याच सुट्टीत दुरुस्त करून घ्या, पुढे पाचव्या पायरीवर याचा त्रास होतो.

४. मेरिट लिस्ट लागल्यावर

तीन मेरिट लिस्ट लागतात आणि प्रत्येकीनंतर कागदपत्रं दाखवून फी भरायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत गावाला जाऊ नका. त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातून बारावी झालेल्यांना इन-हाउस म्हणून प्राधान्य असतं, अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी वेगळ्या जागा असतात. म्हणून बाहेरच्या मुलासाठी पहिल्या यादीचा कट-ऑफ खूप वर दिसतो. तो बघून आशा सोडू नका, दुसऱ्या-तिसऱ्या यादीपर्यंत थांबा. मात्र हातात मिळालेली एक जागा पक्की करून मगच थांबा.

पक्की केलेली जागा नंतर सोडायची झाली तर? फी परत देण्याबद्दल यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. प्रवेशाची शेवटची तारीख किती जवळ आली आहे त्यावर परत मिळणारी रक्कम ठरते, म्हणून निर्णय झाला की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, हेही यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट केलंय. काउंटरवर कोणी ‘मार्कशीट आमच्याकडेच राहील’ म्हणालं तर नम्रपणे या नियमाची आठवण करून द्या.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर भरतात. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात, त्यामुळे बँकेत जाऊन आधार लिंक आहे ना याची खात्री करा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये काढला, पण त्यासाठी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात बसावं लागतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही माफी नाही.

५. एबीसी आयडी

अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमच्या क्रेडिटचं खातं. २०२१ मध्ये ही योजना सुरू झाली. डिजिलॉकरवरून १२ अंकी क्रमांक तयार होतो, पाच मिनिटांचं काम आहे. तिथे आधारवरचं नाव उचललं जातं आणि विद्यापीठाकडे मार्कशीटवरचं नाव असतं. दोन्ही जुळली नाहीत तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. माझ्या वर्गातल्या एकीचं पूर्ण पहिलं सेमिस्टर असं लटकून राहिलं होतं. क्रमांक एका कागदावर लिहून फाइलला लावा, तो प्रत्येक परीक्षा फॉर्मला विचारतात. सायबर कॅफेवाल्याकडून काढून घेणार असाल तर मोबाइल नंबर तुमचाच टाकायला सांगा.

६. क्रेडिट म्हणजे नेमकं काय

इथे जरा निवांत बसून वाचा.

क्रेडिट म्हणजे कामाच्या तासांचं माप. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यामुळे २ क्रेडिटचा थिअरी विषय ३० तासांत संपतो, तर २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल ६० तास खातं. वेळापत्रकात ‘दोन’ आणि ‘दोन’ सारखे दिसतात, पण विज्ञानाच्या मुलांची संध्याकाळ का उरत नाही ते यावरून कळेल.

एका सेमिस्टरला किमान २० आणि जास्तीत जास्त २२ क्रेडिट. एक वर्षात ४० ते ४४, दोन वर्षांत ८० ते ८८, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६.

आता ही २२ क्रेडिट कशाची? आमच्या पहिल्या सेमिस्टरचा तक्ता असा होता:

– मेजर, म्हणजे मुख्य विषय: ४ + २
– ओपन इलेक्टिव्ह: २ + २
– व्हीएससी, मुख्य विषयाशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य: २
– एसईसी, सर्वसाधारण कौशल्य: २
– एईसी, भाषा: २
– व्हीईसी, मूल्यशिक्षण, ज्यात पर्यावरण किंवा संविधान येतं: २
– आयकेएस, भारतीय ज्ञान प्रणाली: २
– सीसी, सहशालेय उपक्रम: २

बेरीज करून बघा, मुख्य विषयाला २२ पैकी फक्त ६ क्रेडिट. बीएला अर्थशास्त्र घेतलं म्हणजे दिवसभर अर्थशास्त्र शिकायचं अशी माझी समजूत होती. पहिल्या वर्षी तसं होत नाही, मेजरचा वाटा पुढच्या वर्षांत वाढत जातो. म्हणून उरलेले १६ क्रेडिट त्या कॉलेजात कशाचे आहेत हे विचारणं मला कट-ऑफपेक्षा मोलाचं वाटतं. एखाद्या कॉलेजात ओपन इलेक्टिव्हला आठ पर्याय असतात, एखाद्यात दोनच. माहितीपुस्तिकेत पर्याय दहा छापलेले असतील तर ‘मागच्या वर्षी यातले किती प्रत्यक्ष चालले?’ हा प्रश्न विचारा. पुरेशी मुलं झाली नाहीत की विषय रद्द होतो आणि तुम्हाला उरलेल्यात ढकललं जातं.

७. विषय निवडताना

ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. मी कला शाखेची, म्हणून वाणिज्य शाखेतला आर्थिक नियोजनाचा विषय घेतला आणि तो आजही उपयोगी पडतोय. मैत्रीण घेते म्हणून घेऊ नका. मायनरच्या, म्हणजे मेजरच्या जोडीच्या दुय्यम विषयाच्या बाबतीत तर अजिबात नको, कारण मायनर सेमिस्टरमागून सेमिस्टर पुढे चालतो आणि मध्येच बदलता येणं अवघड असतं. मेजरला जो विषय एमएपर्यंत न्यायचाय तो ठेवा, मायनरला त्याला आधार देणारा.

सीसीची २ क्रेडिट म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक उपक्रम यांतलं काहीतरी. ही फुकटची क्रेडिट आहेत असं सगळे समजतात, मीही समजले. एनएसएसच्या शिबिराला, स्वच्छता मोहिमेला सगळीकडे गेले, पण तासांच्या वहीवर दर वेळी सरांची सही घेतली नाही. सेमिस्टर संपताना नोंद सापडेना. कॉलेजने ते तास धरले नाहीत आणि ती २ क्रेडिट मला पुढच्या वर्षी पहिल्यापासून मिळवावी लागली. उपक्रम झाला की त्याच दिवशी सही घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा.

तिसऱ्या वर्षात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ४ क्रेडिटचा असतो. १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. वागळे इस्टेट, महापे, ऐरोलीचं आयटी पार्क, वाशीची एपीएमसी, बँका, सीएंची ऑफिसं, शाळा, महापालिकेचे विभाग… आपल्याकडे ठिकाणांची कमी नाही, पण पत्रव्यवहाराला वेळ लागतो. एसवायच्या उन्हाळ्यातच विचारायला सुरुवात करा.

८. हजेरी आणि इंटर्नल

विद्यापीठाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे. डिफॉल्टर यादीत नाव आलं की पालकांना बोलावणं, अर्ज, विनंत्या हे सगळं ओढवतं. ट्रान्स-हार्बरची गाडी चुकली की पुढची येईपर्यंत पहिलं लेक्चर गेलेलं असतं. सकाळच्या सत्राचं कॉलेज घेताना घरापासूनचा वेळ प्रत्यक्ष एकदा जाऊन मोजा. रेल्वे पासाचा कन्सेशन फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो, पहिल्याच आठवड्यात घ्या.

आमच्याकडे ४ क्रेडिटचा विषय १०० गुणांचा: ४० इंटर्नल, ६० लेखी. २ क्रेडिटचा ५० गुणांचा: २० आणि ३०. दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत. म्हणजे २० पैकी ८ आणि ३० पैकी १२. लेखीत ३० पैकी २८ मिळाले आणि इंटर्नलचा प्रोजेक्ट दिलाच नाही, तर विषय गेला. हुशार मुलं इथेच अडकतात. प्रोजेक्ट देताना यादीवर सही करा.

९. ग्रेडचा हिशेब

दहा अंकी पद्धत अशी: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले त्याची क्रेडिट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. हा झाला एसजीपीए. सगळी सेमिस्टर क्रेडिटसकट एकत्र धरली की सीजीपीए.

वरच्याच तक्त्याचं उदाहरण घेऊ. ४ क्रेडिटच्या मेजरला ए: ४ × ८ = ३२. २ क्रेडिटच्या मेजरला बी प्लस: १४. ओपन इलेक्टिव्हना ए प्लस आणि बी: १८ आणि १२. व्हीएससी आणि एसईसीला ए: १६ आणि १६. भाषेला बी प्लस: १४. व्हीईसीला ए प्लस: १८. आयकेएसला ए: १६. सीसीला ए प्लस: १८. बेरीज १७४. भागिले २२, एसजीपीए ७.९१.

आता समजा ४ क्रेडिटच्या मेजरमध्ये ए ऐवजी सी आली. बेरीज १६२ होते आणि एसजीपीए ७.३६ वर येतो. हीच घसरण २ क्रेडिटच्या आयकेएसमध्ये झाली असती तर १६८, म्हणजे ७.६४. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणत्या पुस्तकाला किती वेळ द्यायचा, हे मी या गणितावरून ठरवते. आणि दुसरी बाजूही बघा: छोट्या विषयांची मिळून १६ क्रेडिट आहेत, त्यामुळे त्यांना ऑप्शनला टाकून पॉइंटर वर राहत नाही.

सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्के काढू नका. ते सीबीएसईच्या दहावीचं जुनं सूत्र आहे. कोणी टक्के मागितले तर विद्यापीठाचं किंवा तुमच्या स्वायत्त कॉलेजचं अधिकृत सूत्र वापरा.

१०. केटी लागली तर

विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं असं नसतं. एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं, पण किती विषय किंवा किती क्रेडिट राहिलेली चालतात याला मर्यादा असते. ती मर्यादा ऑफिसातून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं ऐकू नका. केटीच्या परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो आणि तो आपोआप भरला जात नाही. मार्क अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, ती बघून मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. दोन्हीची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते.

११. मध्येच थांबायचं असेल, किंवा चौथं वर्ष करायचं असेल

घरची अडचण आली तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. पण नुसती ४० किंवा ८० क्रेडिट पुरत नाहीत, कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा इंटर्नशिपची आणखी ४ क्रेडिट करावी लागतात. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळी पदवी सात वर्षांत पूर्ण करायची. नोकरी लागली म्हणून कॉलेज सोडणाऱ्यांनी नुसतं येणं बंद करू नये. रीतसर अर्ज करून बाहेर पडलात तरच परतीचं दार उघडं राहतं.

चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. याचा अर्थ एफवायचं पहिलं सेमिस्टरही त्यात मोजलं जातं. शिवाय प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाला चौथं वर्ष असेलच असं नाही. माझ्या कॉलेजात माझ्या मेजरला ते नाही, हे मला टीवायच्या पहिल्या महिन्यात कळलं. आता मी दुसऱ्या कॉलेजांत चौकशी करतेय. तुम्ही हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारा.